चुडामण आबांचा मिस कॉल

वाघळे खुर्दच्या स्टँडवर माझं दुकान आहे. पाटीवर 'प्रशील मोबाईल अँड झेरॉक्स' असं लिहिलंय, पण गावानं ती पाटी कधी मनावर घेतलेली नाही. रिचार्ज, झेरॉक्स, आधारची जोडणी, रेल्वेचं तिकीट, रुसून बसलेला फोन आणि रुसून बसलेला जावई, काहीही असो, लोक माझ्या काउंटरवर आणून टाकतात. पारोळ्याला जायला एसटी लागते, आणि ती तिच्या मर्जीनं येते. म्हणून माझं चाललंय.

या सगळ्यात एक काम असं आहे की ते पाटीवर लिहिता येत नाही. गावात कुणी वारलं की बाहेरगावच्या सोयऱ्यांना कळवायला लोक माझ्याकडे येतात. माझ्या फोनमध्ये सगळ्यांचे नंबर आहेत आणि माझा आवाज म्हणे थंड आहे. हे कळवण्याची आमच्याकडे एक रीत आहे. 'गेले' हा शब्द फोनवर काढायचा नाही. "तब्येत जरा नरम आहे, काळजी करू नका, जमलं तर येऊन जा, सावकाश या," एवढंच म्हणायचं. पलीकडचा माणूस काही विचारत नाही. तो फोन ठेवतो, गाडी ठरवतो आणि गावाच्या वेशीपासून रडत येतो. बोलणाऱ्यालाही माहीत असतं, ऐकणाऱ्यालाही माहीत असतं, आणि दोघंही तब्येतीबद्दल बोलत राहतात. अशा किती तब्येती मी नरम केल्या असतील, त्याची गणती नाही.

चुडामण आबा पाटील हे माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, आणि सगळ्यात निरुपयोगी. माझ्या स्टुलावर बसून ते माझा पेपर वाचतात, माझ्या पंख्याखाली वारा घेतात आणि जाताना माझ्याच माठातलं पाणी पिऊन मला सांगतात, "माठ बदल, पानी थंड ऱ्हात नही." शेत आहे, विहिरीला पाणी आहे, समाधानसारखा कामाचा मुलगा आहे. कशाची म्हणून ददात नाही. पण हातातून काही सुटायचं म्हटलं की आबांची मूठ घट्ट मिटते. हिवाळ्यात मळ्यात भरिताची पार्टी असली की ते घरून ताट घेऊन जातात, कारण पत्रावळीच्या वर्गणीतून नाव काढता येतं. लग्नाच्या आलेल्या पत्रिका ते पाठकोऱ्या म्हणून वापरतात. बिडी पेटवायला त्यांनी स्वतःची काडी ओढलेली मी तरी पाहिली नाही.

अशा माणसासाठीच देवानं मिस कॉल निर्माण केला असावा. फोन करायला पैसे पडायचे त्या काळात सगळा जिल्हा मिस कॉलवर चालायचा. आबांनी त्याचं पूर्ण शास्त्र केलं होतं. एक रिंग म्हणजे धुळ्याला पोहोचलो. दोन रिंगा म्हणजे भाकरी टाक. तीन रिंगा म्हणजे समाधानला मोटरसायकल घेऊन स्टँडवर पाठव. त्यांची बायको बेबाबाई चुलीशेजारच्या खुंटीला फोन टांगून ठेवायची आणि रिंगा मोजत स्वयंपाक करायची. पुढे बोलणं फुकट झालं. बाकीची दुनिया मिस कॉल विसरली. आबा विसरले नाहीत. "फुकट शे म्हनीसन काय उधळानं का?" असा त्यांचा सवाल होता.

पण एक मिस कॉल असा होता की त्याचा काटकसरीशी संबंध नव्हता, आणि त्याबद्दल आबांना विचारायची गावात कुणाची छाती नव्हती. रोज दिवेलागणीला आबांचा फोन एकदा वाजायचा आणि बंद व्हायचा. आबा खिशातून फोन काढायचे, त्या नंबरवर एक रिंग द्यायचे आणि कापायचे. बस. तो नंबर पिंपळनेरचा होता, त्यांच्या थोरल्या बहिणीचा, वच्छाक्काचा. दोघांचं बोलणं आठ वर्षांपासून बंद होतं.

भांडण टोपीचं होतं. समाधानच्या लग्नात आबांनी मानाच्या टोप्या मोजून आणल्या. आमच्याकडे सोयऱ्यांना टॉवेल-टोपी देताना माईकवर एकेकाचं नाव पुकारतात, आणि अशा वेळी चार-सहा टोप्या जास्तीच्या ठेवाव्यात हे शेंबड्या पोरालाही कळतं. आबांनी एकही जास्तीची ठेवली नाही. आयत्या वेळी दूध डेअरीचे चेअरमन बिनबोलावता आले. एक टोपी तिकडे गेली. मग माईकवर पुकारा झाला, "पिंपळनेरचे धनसिंग नाना!" वच्छाक्काचा नवरा मिशीवर हात फिरवत उठला, मांडवाच्या मधोमध गेला, मान खाली करून उभा राहिला, आणि डोक्यावर काहीच आलं नाही. ताटात नुसता टॉवेल उरला होता. धनसिंग नाना तसाच मागे वळला आणि जेवणाची पंगत ओलांडून गाडीत जाऊन बसला. अक्काला नवऱ्यामागे जावं लागलं. तेव्हापासून आबा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिला आणायला गेले नाहीत आणि ती आली नाही. आखाजीला गावातल्या सगळ्या लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. आबांच्या दारच्या निंबाला मात्र आठ वर्षं कुणी दोर टाकला नाही.

पण मिस कॉल कधी सुरू झाला ते दोघांनाच ठाऊक. अक्कानं एक रिंग द्यायची, म्हणजे मी आहे. आबांनी परत द्यायची, म्हणजे मीही आहे. उचलायचा कुणी नाही, कारण उचलला की बोलावं लागेल, आणि बोलणं तर बंद होतं.

या उन्हाळ्यात आबांच्या जुन्या कंपनीनं भाव वाढवले. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी आबांनी माझ्या दुकानात असा चेहरा केला, जणू कुणीतरी त्यांच्या विहिरीचा हिस्सा मागितलाय. त्याच आठवड्यात पारोळ्याच्या बाजारात 'गप्पा मोबाईल' नावाच्या कंपनीनं छत्री लावली. पिवळे टीशर्ट घातलेली चार पोरं, एक कर्णा, आणि बोर्डावर 'मनसोक्त बोला, निम्म्या भावात!' घरातले चार नंबर तेच ठेवून एकदम या कंपनीकडे वळवले तर वर एक प्लास्टिकची बादली फुकट. आबा बादली घेऊनच एसटीतून उतरले. निळी होती. स्टँडवर सगळ्यांना दिसेल अशी उलटी धरून आणली होती.

मी म्हणालो, "आबा, गप्पानं टॉवर आपला गावले नही शे. पारोळाना अलीकडे रेंज येत नही."

"आज नही, उद्या व्हई," आबा म्हणाले. "कंपनीनं पोरगं सांगे, सर्व्हे व्हयेल शे."

"आनि नही जमनं तं तीन महिना परत येता येत नही. नियम शे."

"परत कोन येस?" असं म्हणून त्यांनी बादलीवर टिचकी मारून दाखवली. आवाज चांगला आला.

चार-पाच दिवसांनी जुनी कार्डं बंद पडली, नवी घातली, आणि आबांच्या घरातले चारही फोन एकदम निवर्तले. आबांचा, बेबाबाईचा, समाधानचा, सुनेचा. पडद्यावर 'गप्पा' असं पिवळं नाव यायचं आणि त्याखाली लाल फुली. समाधान सकाळी मोटरसायकलवर पारोळ्याच्या दिशेनं तीन मैल जाऊन बाभळीखाली उभा राहायचा, कामाचे फोन करायचा आणि परत यायचा. पेट्रोल किती जळलं हे मी मुद्दाम आबांना विचारलं नाही. आबा दोन दिवस स्टँडवर सांगत फिरले की घरात कशी शांतता आहे, कुणाची कटकट नाही, पूर्वीच्या काळासारखं वाटतं.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते दुकानात आले. स्टुलावर बसले नाहीत. खिशातून फोन काढला, पाहिला, डोक्याच्या वर धरला, दाराबाहेर जाऊन धरला, पत्र्याच्या दिशेनं धरला. मग खिशात ठेवून उभे राहिले. मला सगळं कळत होतं. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती, आणि दोन्ही एकदम आलं की माझं तोंड वाकडं होतं.

"मना फोनवरतून लावा," मी म्हणालो.

"कोनले?"

"अक्काले."

"आमनं बोलनं नही शे."

"मंग मिस कॉल द्या."

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच अडाणी ठरलो. "तुना नंबरवरतून दिधा तं तिले काय समजी? प्रशील जित्ता शे हाई समजी. तिले त्याचं काय?"

मी फोन परत काउंटरवर ठेवला. ते रोज यायचे, फोन आभाळाला दाखवायचे आणि जायचे. आखाजी जवळ आली होती, उन्हानं रस्ता सोलून निघत होता, आणि आबांचा पेपर वाचण्यातला रस उडाला होता. भावफलकाचं पानही ते न वाचता उलटायचे.

मग एक दिवस सकाळीच, मी शटर वर करतोय तोच फोन वाजला. आबा आधीच स्टुलावर होते.

"प्रशील का रे? मी पिंपळनेरतून वच्छला बोलस. मना भाऊ कसा शे?"

मी फोनवर हात ठेवला आणि आबांना खुणेनं विचारलं, बोलता का? आबा ताडकन उठले. मधमाश्या अंगावर आल्यासारखे दोन्ही हात हलवले. नाही म्हणजे नाही.

"आबा चांगला शेतस, अक्का," मी म्हणालो. "काळजी करू नका."

"मंग चारी फोन बंद काबर?"

आता कंपनी, बादली, सर्व्हे, तीन महिन्यांचा नियम हे सगळं फोनवर कुठून सुरू करायचं? "ते लांबनं शे अक्का. भेटनात म्हनजे सांगसू."

"त्याले फोन दे."

मी आबांकडे पाहिलं. ते दाराबाहेर निघून पाठ करून उभे होते. "आबा आते बोलू शकत नही, अक्का."

 मग तिनं विचारलं, "बेबा कोठे शे?"

"घर शेतस. बाया बठेल शेतस ना त्यासना जोडे." हे खरं होतं. बेबाबाईकडे कुरडया चालल्या होत्या, आणि कुरडयांना गल्लीतल्या चार बायका लागतात.

"बरं," अक्का म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता.

मला वाटलं, ही बाई आपणहून फोन करते आहे, आखाजी तोंडावर आहे, आपण चांगल्या मनानं दोन शब्द टाकावेत. म्हणालो, "तुमी घाबरू नका. जमनं तं यी जा ना, अक्का. सावकाश या."

तिनं पुढे काही विचारलं नाही. फोन बंद झाला. इतकी वर्षं तेच शब्द तसेच्या तसे बोलून सोयरे गोळा करणारा मी, माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. कसं येणार? ज्याच्या तब्येतीबद्दल बोललो तो दाराबाहेर बिडीला काडी मागत होता.

आबा आत आले. "काय म्हने?"

"तब्येत इचारे."

"आवाज कसा व्हता?"

"बारीक."

आबांनी पेपर उचलला, उलटा धरला आणि बराच वेळ तसाच वाचला. मग म्हणाले, "प्रशील, गप्पानी कांडी कोठे येस का रे गावमा?"

मी म्हणालो, पुना सांगत होता. पुना आमच्या पंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. तो म्हणत होता की टाकीच्या अगदी माथ्यावर, पश्चिमेच्या कठड्याला टेकलं की गप्पाच्या रेंजची एक कांडी येते. ही टाकी म्हणजे आमच्या गावाची शान आहे. तिचं दोनदा उद्घाटन झालंय, एकदा नारळ फोडून आणि एकदा फीत कापून. पाणी मात्र तिच्यात अजून चढलेलं नाही, मोटारीला तेवढा जोर नाही म्हणतात. पायथ्याशी पंचायतीनं ठळक अक्षरांत लिहून ठेवलंय, 'टाकीवर चढण्यास सक्त मनाई आहे.' पाणी हा नियम काटेकोरपणे पाळतं.

त्या दिवशी ऊन कलल्यावर आबा धोतराचा काचा मारून टाकीकडे जाताना दिसले. मी विचारलं तर म्हणाले, "गळती देखाले जास." रिकाम्या टाकीची गळती.

दिवेलागण झाली नव्हती तोच स्टँडवर एक पिकअप येऊन थांबली. मागे बायामाणसं दाटीनं बसलेली. गाडी थांबायच्या आधीच रडण्याचा हेल उठला. मी धावत बाहेर आलो. गावात कुणी गेलं आणि मला कळवलंच नाही, याचा मला आधी अपमान वाटला. मग पुढच्या दारातून धनसिंग नाना उतरला, बगलेत कापडाच्या दुकानाची पिशवी. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "उशीर तं नही व्हयना ना? उचलं नही ना आजून?"

"कोनले?" मी विचारलं.

तेवढ्यात मागून वच्छाक्का उतरली, पदर तोंडात, आणि एकदम हंबरडा. "मना भाऊ वं! मना चुडामन वं! आठ साल मी तुनासंगे बोलनू नही वं!"

 सकाळचं बोलणं शब्दाशब्दानं आठवलं. काळजी करू नका. बोलू शकत नाहीत. बाया बसल्या आहेत. सावकाश या. "अक्का," मी ओरडलो, "आबा जित्ता शेतस!"

धनसिंग नानानं माझी पाठ थोपटली. "हां भाऊ," तो गहिवरून म्हणाला, "सगळासना मनमा तो जित्ताच शे."

सगळी मंडळी रडत गल्लीत शिरली. मी मागून ओरडत होतो आणि माझं ओरडणं त्या रडण्यात छान मिसळून जात होतं. आबांच्या ओट्यावर सतरंज्या पसरलेल्या, बाया बसलेल्या, मधोमध बेबाबाई. अक्का थेट तिच्या गळ्यात पडली. आता आमच्याकडे कुणी रडत दारी आलं की आधी गळ्यात पडून रडायचं असतं, कोण गेलं ते नंतर विचारायचं. बेबाबाईनं रीत सोडली नाही. तिनंही हेल काढला. तिला वाटलं, अक्काच्या घरचं कुणी गेलं. नाना तर समोर उभा होता, म्हणून तिनं मनातल्या मनात अक्काची सासू ठरवली आणि तिच्यासाठी रडू लागली. कुरडया करणाऱ्या बाया चिकाच्या हातांनी डोळे पुसू लागल्या. आता काही शंकाच उरली नाही. धनसिंग नानानं डोक्यावरचं पागोटं उतरवून हातात घेतलं.

आणि अक्काच्या कमरेच्या बटव्यात फोन वाजला. एकदा. आणि बंद झाला.

नानानं सवयीनं बटवा ओढून फोन काढला, डोळ्यांजवळ धरला आणि वाचून त्याचा चेहरा पांढरा पडला. त्यानं फोन अक्काला दाखवला. पडद्यावर लिहिलेलं होतं, 'चुडामण'.

सगळ्यांचं रडणं थांबलं. एक बाई 'माय वं' म्हणून मागे सरकली. अक्का त्या नावाकडे बघत राहिली. डोळ्यांतून पाणी चाललेलंच होतं. आणि आठ वर्षं रोज दिवेलागणीला तिचा अंगठा जे करत आला होता तेच त्यानं केलं. बटण दाबलं, एक रिंग जाऊ दिली आणि कापली.

गावाच्या डोक्यावर, टाकीच्या माथ्यावर, आबांच्या फोनची भसाडी घंटी वाजली. त्या फोनचा आवाज बैलांना बुजवण्याइतका मोठा आहे. सगळ्यांच्या माना वर झाल्या. मावळतीच्या उजेडात कठड्याला धरून एक माणूस उभा होता, फोन छातीशी धरून. एवढ्या दिवसांनी बहिणीची एक रिंग मिळाली म्हणून तो जिथल्या तिथे विरघळला होता.

मग त्यानं खाली पाहिलं. आपलं दार, दारात सतरंज्या, बायकांची गर्दी, आणि पिंपळनेरची गाडी. आबांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. "बेबा वं!" असा त्यांचा हंबरडा वरून आला. "माले सोडीसन कशी गयी वं!" असं रडत ते ती शिडी इतक्या झपाट्यानं उतरले की पुना अजून त्याबद्दल बोलतो. धोतर खिळ्याला अडकून टरकन फाटलं, त्याचीही त्यांनी पर्वा केली नाही. धोतर फाटल्यावर आबा थांबले नाहीत, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगतो.

गर्दी फोडून ते ओट्यावर आले. बेबाबाई म्हणाली, "मी आठे शे ना! तुमीच मरेल शेतस म्हने!"

आबा थांबले. समोर अक्का उभी होती. आठ वर्षांत तिचे केस पूर्ण पांढरे झाले होते, आणि आबा ते पहिल्यांदा बघत होते.  मग अक्कानं दोन्ही मुठींनी त्यांच्या पाठीत दणके घालायला सुरुवात केली. "मुडदा! जित्ता व्हता तं एक मिस कॉल देता ये ना? एक! मना जीव कोठे कोठे फिरी उना!"

"रेंज नव्हती ना, अक्का," आबा म्हणाले. आठ वर्षांनंतरचा पहिला शब्द हा असा होता. पण त्यातला 'अक्का' ऐकून मी उगाच चष्मा पुसत बसलो.

नाना एका बाजूला उभा होता. पाहुणा म्हणून राहावं की अपमान आठवून गाडीत जाऊन बसावं, हे त्याचं ठरत नव्हतं. आबांची नजर त्याच्या बगलेतल्या पिशवीवर गेली. त्यांनी ती अलगद ओढून घेतली, आत हात घातला. एक टॉवेल आणि कोरी पांढरी टोपी. आबांनी टोपी झटकली, दोन्ही हातांनी नानाच्या डोक्यावर चढवली आणि टॉवेल खांद्यावर टाकला. "तुमना मान ऱ्हायी जायेल व्हता, नाना."

"आरे, हाई तं मीच आनेल शे!" नाना ओरडला. "साक्रीले गाडी थांबाडीसन लिधी. तुना तेराव्यामा समाधानना डोकावर ठेवाले!"

"कोरी शे ना?" आबा म्हणाले. "मंग काय हरकत शे?"

बेबाबाई म्हणाली, अशी टोपी मानाला चालत नाही, अपशकुन असतो. बायांमध्ये त्यावरून वाद सुरू झाला. माझं मत कुणी विचारलं नाही. माझं मत असं होतं की जगात फक्त चुडामण आबाच स्वतःच्या तेराव्याच्या सामानात आठ वर्षांचं भांडण मिटवू शकतात. नानानं हात वर नेऊन टोपी काढायची म्हणून धरली, चाचपली, जरा तिरकी केली, आणि राहू दिली. चहा येईपर्यंत ती डोक्यावरच होती. जेवण झालं तरीही होती.

अक्का आखाजीपर्यंत राहिली. आबांनी निंबाला दोर बांधला. जुनाच, विहिरीवरचा. पांढऱ्या केसांच्या बहिणीला झोका देताना ते दर वेळी फांदीकडे बघत होते, दोर तुटतो का म्हणून.

ती परत गेली त्या संध्याकाळी आबा पुन्हा टाकीवर चढले. मी खाली उभा होतो. म्हातारा पडला तर गावभर फोन मलाच करावे लागणार. त्यांनी एक रिंग दिली, आणि कापायच्या आत पलीकडून फोन उचलला गेला. आबा कठड्यावरून पडायचेच बाकी राहिले. "काय व्हयनं?" ते किंचाळले. "अक्का! नानाले काही व्हयनं का?"

"काही नही व्हयनं," पलीकडून आवाज आला. आबा सगळं स्पीकरवर ऐकतात, फोन कानाला लावला की बॅटरी गरम होते म्हणतात. "आसाच उचला."

 कुणी कापला नाही. मग आबांनी विचारलं, "जेवनी का?"

तेव्हापासून हे रोज चालतं. पंचायतीनं 'सक्त मनाई'च्या पाटीखाली ग्रामसेवकाकडून एक ओळ वाढवून घेतली, 'ज्येष्ठ नागरिकांनी कठडा धरून चढावे.' तीन महिने भरले तेव्हा श्रावण लागला होता, शिडी निसरडी झाली होती. मी स्वतः आबांच्या घरी गेलो. म्हणालो, आता परत जुन्या कंपनीत येता येईल, घरात पूर्ण रेंज मिळेल, चढायला नको. आबांनी ऐकून घेतलं. निळ्या बादलीत पाय धूत बसले होते.

"पूर्ण रेंज आठ साल व्हती ना घरमा," ते म्हणाले. "एक शबद बोलनू का मी?"

 ते उठले, धोतराचा काचा मारला आणि निघाले. मीही छत्री घेऊन मागे गेलो. वर अंधारून आलं होतं, वारा सुटला होता. खाली उभं राहून मला दोघांचं सगळं ऐकू येत होतं, कुणाच्या म्हशीला काय झालं, कुणाची सून कशी बोलली, नाना ती टोपी अजून घालतो का. घालतो म्हणाली, बाजाराच्या दिवशी.

मग टपटप थेंब पडायला लागले. अक्काला ते फोनमधून ऐकू गेले असावेत.

"पानी उना का रे? खाले उतर आते, पडशी," ती रागावली.

"थांब ना, अक्का," आबा म्हणाले. "आजून एक कांडी शे."